ताटावरची शिकवणी थांबवा

पॅरिशमधली पालकसभा असो, प्रॉटेस्टंट मंडळीचा कुटुंबमेळावा असो की लग्नाआधीचा मार्गदर्शन वर्ग, माझगाव-भायखळ्याच्या ख्रिस्ती माणसाला एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो. रात्रीचं जेवण ही मुलांवर संस्कार करण्याची सर्वांत मोठी संधी आहे, ती वाया घालवू नका. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणूनच या सल्ल्याला कोणी हरकत घेत नाही. मी घेतो आहे, कारण त्यातून घराघरांत काय घडतं ते मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

घडतं ते असं. सगळे बसतात. बाप डोळे मिटून प्रार्थना सुरू करतो आणि प्रार्थनेतच मुलाचे दोष देवाला सांगतो: याला सद्बुद्धी दे, याचं अभ्यासात लक्ष लागू दे, याची खोटं बोलायची सवय जाऊ दे. मूल मान खाली घालून ऐकतं. कालवण निवतं. आमेन झाल्यावर गणितात किती पडले, रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला दांडी का मारली, बाजूच्या बिल्डिंगमधल्या मुलाकडे बघ, अशी सरबत्ती सुरू होते. शेवटी ताटात उरलेल्या भातावरून एक दम. मूल भराभर गिळतं आणि उठतं. दहावीपर्यंत ते ताट घेऊन टीव्हीसमोर बसायला शिकतं. मग तेच पालक पुढच्या सभेत विचारतात, आजकालची मुलं घरच्यांबरोबर जेवायला का बसत नाहीत?

माझं म्हणणं सरळ आहे. ख्रिस्ती घरातल्या जेवणात आनंद म्हणजे शिस्त पाळल्याबद्दल मिळणारी बक्षिसी नाही, तो त्या जेवणाचा पाया आहे. पाया उखडून वर उपदेशाचे मजले चढवता येत नाहीत. याच्या विरोधात जे मुद्दे मांडले जातात ते सगळे मला ठाऊक आहेत. एकेक घेतो.

पहिला मुद्दा शास्त्राचा. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाचा हवाला देऊन सांगतात की घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांना देवाच्या आज्ञा शिकवायच्या आहेत. मान्य. पण हा अध्याय दिवसभराच्या सहवासाबद्दल बोलतो. शाळेच्या वाटेवर, बसथांब्यावर, अंथरुणात पडल्या पडल्या, रोजच्या बोलण्यातून देवाची गोष्ट यावी, अशी त्याची अपेक्षा आहे. दिवसभर मुलाशी चार शब्द बोलायचे नाहीत आणि सगळी थकबाकी रात्री साडेनऊला त्याच्या ताटावर वसूल करायची, याला त्या अध्यायात काडीचाही आधार नाही. शिवाय हवाला देणारे थोडं पुढे वाचत नाहीत. त्याच अध्यायाच्या विसाव्या वचनात मुलगा स्वतः विचारतो की या आज्ञांचा अर्थ काय. बापाने त्यावर नियमांची यादी वाचायची नाही, गोष्ट सांगायची आहे: आपण मिसरात गुलाम होतो, देवाने आपल्याला सोडवलं. आधी मुलाचा प्रश्न, मग मोठ्यांची गोष्ट, असा हा क्रम आहे.

हा क्रम प्रत्यक्षात कसा दिसतो ते पाहायला लांब जायला नको. मशीद बंदरजवळ बेने इस्राएल समाजाचं, १७९६ साली स्थापन झालेलं शार हरहमीम सिनेगॉग आहे. आपल्यासारखीच मराठी बोलणारी ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या वल्हांडणाच्या रात्री जेवणाभोवती बसत आली आहेत. त्या रात्रीचे विधी सांगणारं हग्गादा नावाचं पुस्तक मराठी भाषांतरासह पुण्यात १८७४ साली छापलं गेलं. त्या जेवणात घरातलं सर्वांत धाकटं मूल विचारतं की ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का, आणि सगळी कथा त्याच्या प्रश्नातून उलगडते. जेवण लांबतं, गाणी होतात, लपवलेला भाकरीचा तुकडा मुलं शोधून काढतात. ज्या परंपरेतून येशू आला त्या परंपरेने वर्षातली सर्वांत पवित्र शिकवण जेवणावरच दिली, पण मुलाला प्रश्नकर्ता करून दिली. जेवताना धर्म शिकवायचाच असेल तर तो असा शिकवावा.

छडीचा उल्लेख आला की नीतिसूत्रांचं पुस्तक पुढे केलं जातं. त्याच पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात म्हटलं आहे की द्वेषाच्या घरातल्या पुष्ट बैलापेक्षा प्रेमाच्या घरातली भाजी बरी. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने बापांना शिस्तीबद्दल सांगितलं आहे, पण त्याच वाक्यात, शिस्तीच्या आधी, मुलांना चिडवू-दुखवू नका असं बजावलं आहे. शिस्त लक्षात ठेवायची आणि त्याआधीची अट विसरायची, हे वाचन प्रामाणिक नाही.

आणि खुद्द येशू? योहानाच्या शुभवर्तमानात त्याचं पहिलं चिन्ह काना गावच्या लग्नाच्या जेवणात घडतं. तो खादाड आणि दारुडा आहे असा आरोप त्याच्यावर झाला, कारण तो लोकांबरोबर मनापासून जेवत असे. पाच हजारांच्या जेवणाची सुरुवात एका पोराजवळच्या पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासोळ्यांनी झाली. अम्माऊसच्या वाटेवर शिष्यांना त्याने शास्त्र उलगडून सांगितलं, पण त्यांनी त्याला ओळखलं ते भाकर मोडताना. उठल्यानंतर त्याने तळ्याकाठी निखाऱ्यांवर मासे भाजले आणि रात्रभर राबलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावलं. पेत्राने त्याला तीनदा नाकारलं होतं. त्याविषयीचं बोलणं येशूने खाणं झाल्यावर काढलं, आधी नाही. मार्काच्या पाचव्या अध्यायात तो याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला उठवतो, तेव्हा भोवतीच्या थक्क झालेल्या माणसांना तो काय सांगतो? हिला काहीतरी खायला द्या. मुलीला उपदेश नाही, साक्ष द्यायची आज्ञा नाही. मूल भुकेलं असेल, हे आधी त्याच्या लक्षात आलं. आपल्या घरांत मात्र मूल भुकेलं आहे हे आपल्याला शेवटी आठवतं.

दुसरा मुद्दा गप्प बसण्याचा. जेवताना बोलू नये, अन्नाचा मान राखावा, आश्रमांत आणि मठांत असंच असतं, असं सांगतात. संत बेनेडिक्टच्या नियमावलीत जेवताना मौन आणि एकाने वाचन करावं असं आहे, हे खरं. अडतिसावा अध्याय आहे तो. पण त्याच्या आधीचा सदतिसावा अध्याय वृद्धांबद्दल आणि मुलांबद्दल आहे. त्यांच्यावर अन्नाच्या बाबतीत नियमाची सक्ती करू नये, त्यांच्याशी मायेने वागावं, ठरलेल्या वेळेआधी त्यांना खाऊ द्यावं, असं तो सांगतो. सहाव्या शतकातल्या संन्याशाला जे उमगलं होतं ते आजच्या संसारी माणसाला उमगायला काय हरकत आहे? मौन हे व्रत आहे आणि ते ज्याने घेतलं त्याने पाळावं. सात वर्षांच्या मुलीने शाळेतल्या मैत्रिणीची नक्कल करून दाखवली आणि सगळे हसले, तर अन्नाचा अपमान होत नाही.

बोलण्याचं मोल आता संशोधकही सांगू लागले आहेत. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना त्यांच्या घराण्याविषयी २० प्रश्न विचारले. आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडील कसे भेटले, घरावर कोणतं संकट आलं होतं, अशा तऱ्हेचे. ज्या मुलांना ही उत्तरं जास्त ठाऊक होती त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त दिसला. या गोष्टी मुलांना कळायच्या कुठे? आजीच्या तोंडून, जेवताना. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून बॉटल मसाला कुटायला बायका घरी यायच्या आणि अख्खी पाखाडी शिंकायची, आजोबा गोदीत पहिल्या दिवशी कामाला गेले तेव्हा काय झालं, काका पहिल्यांदा बोटीवर चढला तेव्हा घरात कोण रडलं. मुलांना गप्प बसवलं की आजीही गप्प होते, आणि तिच्याबरोबर घरही मुकं होतं.

तिसरा मुद्दा ताट स्वच्छ करण्याचा. अन्न टाकणं पाप आहे, म्हणून वाढलेलं संपवल्याशिवाय उठायचं नाही. अन्नाची नासाडी वाईट, यात वाद नाही. पण मुलाच्या ताटात किती वाढायचं हे मोठ्यांनी ठरवलं, तर उरलेल्या अन्नाचा दोष मुलाकडे कसा जातो? एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी यावर साधी वाटणी सांगितली आहे. काय, केव्हा आणि कुठे खायचं ते आई-बापांनी ठरवावं. त्यातलं किती खायचं आणि खायचं की नाही, ते मुलाने ठरवावं. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लहान मुलांना सूप दिलं होतं. संपव, संपव असं मागे लागलं की मुलं कमी खात आणि त्या सूपबद्दल वाईट बोलत. कोणी मागे लागलं नाही तेव्हा ती जास्त खात. दडपणाने अन्न पोटात जात नाही, त्याबद्दलची नावड मात्र मनात राहते. थोडं वाढा, पुन्हा मागू द्या, नकोसा पदार्थ ताटाजवळ राहू द्या आणि त्याबद्दल गप्प राहा. आज बोंबलाला नाक मुरडणारं मूल काही महिन्यांनी आपणहून तुकडा उचलतं. त्याला भाऊच्या धक्क्यावर बरोबर नेलं, टोपलीतली मासळी बघू दिली, कोणती घ्यायची ते ठरवू दिलं, तर आणखी लवकर उचलतं.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. मराठी ख्रिस्ती समाजाला एकत्र जेवण फुकट मिळालेलं नाही. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री या अल्पवयीन ब्राह्मण मुलावरून केवढं वादळ उठलं होतं! त्याचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला. श्रीपत मिशनरींच्या घरी राहिला, जेवला. न्यायालयाने त्याला बापाच्या ताब्यात दिलं, आणि जेवल्यामुळे बाटलेल्या या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही यावर सगळं शहर भांडलं. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं अशी बाजू मांडली, म्हणून सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. एका पोराने कोणाच्या घरी घास घेतला, एवढ्यावर त्याचं आयुष्य टांगलं गेलं होतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घराघरांत वाचलं जातं, पण त्यातलं जेवण कोणी नीट वाचत नाही. त्यांचे वडील कमालीचे सोवळे. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे, आणि त्या धाकात मुलांचं बालपण गेलं. त्यांच्या पतीने, नारायण वामन टिळकांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा नवरा-बायकोची ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं सोडलं नव्हतं. पुढे त्यांनी स्वतःच्या विचाराने ते टाकलं, आणि नंतर त्यांचं घर परक्यांच्या मुलांनी भरून गेलं. अहमदनगरकडच्या कितीतरी महार-मांग कुटुंबांना तर कोणाच्याही शेजारी बसून जेवण्याचा हक्क पहिल्यांदा मंडळीच्या प्रीतिभोजनात मिळाला. आपल्या पणज्या-पणजोबांनी नातीगोती तोडून, वाळीत पडून, जेवणातलं भय संपवलं. त्यांच्या पतवंडांनी तेच भय पुन्हा मुलांच्या ताटात वाढावं, हे मला सहन होत नाही. सोवळ्याचं नाव बदललं, शिस्त म्हटलं, संस्कार म्हटलं, तरी भेदरलेल्या मुलाच्या घशाखाली घास तसाच अडतो.

यातच एक गोष्ट आणखी आहे आणि संस्काराच्या सल्ल्यात ती कधी येत नाही. सगळे जेवायला बसलेले असताना घरातली बाई कुठे असते? तव्यापाशी. गरम चपाती, गरम फुगिया, तळलेली मासळी आणून वाढत असते, आणि मुलगी तिच्या हाताखाली. मुलगा बसलेला असतो. शेवटी आई एकटी, थंड झालेलं, उरलेलं खाते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल चिडला आहे तो नेमका अशाच प्रकारावर. काही जण आधी जेवून घेतात आणि काही उपाशी राहतात, मग हे प्रभूचं भोजन कसलं, असा त्याचा सवाल आहे. ज्या घरात आई बसत नाही त्या घरात कुटुंबाचं जेवण झालेलंच नसतं, मग प्रार्थना कितीही भावपूर्ण असो. मुलं उपदेशातून काय शिकतात ते सांगता येत नाही, पण कोण उभं राहतं आणि कोण बसतं हे ती नक्की शिकतात. सगळं आधी करून मधोमध ठेवा. चपाती थोडी गार झाली तर चालेल. पाण्याचे पेले मुलगा भरेल, ताटं बाप उचलेल.

शेवटचा मुद्दा दुसऱ्या टोकाकडून येतो. हे सगळं जुन्या काळचं झालं, मुंबईत आता कोण एकत्र जेवतो, असं म्हणणारे आहेत. बापाची पाळी, आईची नर्सिंगची रात्रपाळी, मुलांचे क्लास, दोन खोल्यांची जागा. मोबाइल हातात दिला की मूल निमूट खातं, मग कशाला धडपड? त्यांना मी माझगावचाच इतिहास सांगेन. इथे बाप रोज रात्री जेवायला घरी, अशी घरं कधी बहुसंख्य नव्हतीच. गोदीत पाळ्या होत्या, रेल्वेत पाळ्या होत्या. बोटीवरचे खलाशी महिनोन्‌महिने समुद्रावर असत. गोव्याच्या गावागावांतून आलेले दर्यावर्दी माझगाव-धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे आपापल्या गावच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहत, आणि घरापासून दूर असूनही संध्याकाळचा रोझरी एकत्र म्हणत. घरात होतं ते माणूस बसायचं. आई आणि मुलं, आजी आणि नातवंडं, शेजारची दोन पोरं. एकत्र जेवणाला चार खुर्च्यांचं टेबल लागत नाही, जमिनीवर अंथरलेला कागद पुरतो. रात्र जमत नसेल तर सकाळचा चहा-पाव, तेही जमत नसेल तर रविवारी मिस्साहून आल्यावरचं जेवण. रोज नाही जमलं म्हणून कधीच नाही, हा हिशेब चुकीचा आहे. आणि मोबाइलने निमूट झालेलं मूल पोट भरतं, पण कोणाबरोबर जेवलं हे त्याला आठवत नाही. अर्थात आधी बापाचा मोबाइल बाजूला जायला हवा.

मग जेवणात धर्म नको का? हवा, आणि तो आपल्या परंपरेत आनंदासकटच आहे. प्लेगच्या काळात गावठाणांमध्ये उभारलेल्या क्रूसांसमोर आजही लितानी होते. ती संपली की उकडलेले चणे वाटतात. पोरं चण्यांसाठी येतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी त्यांना हाकलत नाही, कारण येता येता ती प्रार्थनाही शिकतात. नाताळच्या आधी सगळं घर कुलकुल वळायला बसतं. काट्यावर कणकेची गोळी दाबून वळताना चार वर्षांच्या पोराचा वेडावाकडा कुलकुलही तळला जातो, आणि तो त्यालाच आधी खायचा असतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन लोकांच्या आगेऱ्याला नव्या भाताला आशीर्वाद मिळतो आणि मग जेवण होतं. सण आपण असे साजरे करतो, मग मंगळवारच्या रात्री मुलांना धाक कशाला?

रोजच्या जेवणासाठी मला एवढंच सुचवायचं आहे. प्रार्थना छोटी असावी आणि बऱ्याचदा मुलाने म्हणावी, त्याच्या शब्दांत. त्याने बोंबलाबद्दल, पावसामुळे मिळालेल्या सुट्टीबद्दल, मांजराच्या पिल्लांबद्दल देवाचे आभार मानले तर ते कमी दर्जाचे आभार नाहीत. जेवण झाल्यावर मुलांनी आजी-आजोबांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागावा, मोठ्यांनी डोक्यावर हात ठेवावा. सगळे येईपर्यंत थांबायचं, मोठा तुकडा आधी दुसऱ्याला द्यायचा, स्वयंपाक करणाऱ्याला नावं ठेवायची नाहीत, हे नियम राहू द्यावेत, कारण ते दुसऱ्याचा विचार शिकवतात. गुण, तक्रारी, तुलना आणि कबुलीजबाब मात्र जेवणाच्या वेळेतून कायमचे हद्दपार करावेत. त्यांच्यासाठी दिवसात दुसरी वेळ काढता येते. काढता येत नसेल, तर आपण मुलाला पुरेसा वेळ देत नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि ती उणीव भरून काढायचं काम आपलं आहे, मुलाच्या भुकेचं नाही.

धर्मगुरूंना, पाळकांना आणि पालकसभांत बोलणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. जेवण ही संस्काराची संधी आहे, हे वाक्य यापुढे अर्धवट सांगू नका. त्यासोबत सांगा की मुलांना बोलू द्या, आईला बसवा, आणि मुलाचे दोष प्रार्थनेत घालू नका. आणि आई-बापांनो, मूल जेवायला बसताना तुमच्या चेहऱ्याकडे बघून घाबरत असेल, तर त्या घरात देवाचं नाव कितीही वेळा घेतलं गेलं तरी देवाची ओळख त्याला झालेली नाही. ती ओळख करून देणं तुमच्या हातात आहे. त्याची सुरुवात आज रात्रीच्या जेवणापासून करा.